तारेचा डोल आणि यंत्राचा डोल

पियानो सुरात लावणाऱ्या माणसाला एरवी कोण ओळखतं? पण सूरताईंना सगळं गाव ओळखायचं. खांद्याला तपकिरी पिशवी, पायात सपाट बूट, आणि चालताना मान जराशी डावीकडे कललेली. त्या रस्त्याला लागल्या की शाळेतल्या मुली एकमेकींना कोपराने ढोसून म्हणायच्या, "सूरताई निघाल्या. आज कुठल्यातरी पियानोची धडगत नाही." पस्तीस वर्षं त्या हे काम करत होत्या. शिकल्या वडिलांकडून. वडील कडक. पहिली दोन वर्षं त्यांनी लेकीला तारांच्या खुंट्या फिरवायच्या चावीला हात लावू दिला नव्हता. नुसतं शेजारी बसून ऐकायचं.

या कामातली खरी मेख ऐकण्यातच आहे. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे तीन-तीन तारा असतात. तिन्ही एका सुरात असल्या की आवाज ताणलेल्या दोरीसारखा सरळ जातो. एखादी जरा ढळली की तो डोलायला लागतो, लाटेवरच्या होडीसारखा. मग दोन तारांमध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी खोचून एकीला गप्प करायचं, दुसरीची खुंटी चावीने केसभर फिरवायची, आणि डोल मंदावत मंदावत थांबेपर्यंत कान लावून बसायचं. सूरताई म्हणायच्या, "मी सूर लावत नाही हो. मी फक्त डोल घालवते."

पंचावन्नाव्या वर्षी संगीतशाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मोठ्या बाई स्वभावाने सरळ, पण त्या दिवशी बोलायला जड जात होतं. चहाचा कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तुम्ही लावून गेलात ना, त्या पियानोचं वरचं टोक जरा खटकतंय. मुलांनी आदळआपट केली असेल कदाचित."

सूरताई पियानोपाशी गेल्या. वरच्या टोकाच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. त्यांना काहीच खटकलं नाही. दोनदा, तीनदा दाबून पाहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला खटकत नाही याचं कारण ते आपल्याला नीट ऐकूच येत नाहीये. लाकडावर हातोडी पडल्याची टकटक येत होती, तिच्यामागचा सूर गायब होता. त्यांनी झाकण हळूच लावलं आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "मुलांचा दोष नाही. माझाच आहे."

श्रवणतज्ज्ञ होती एक शांत, बारीक चणीची बाई. तिने काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, कागदावरची उतरती रेघ दाखवली आणि दोन्ही कानांना यंत्रं दिली. शेंगदाण्याएवढी, कानामागे बसणारी. फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. आवाज कमी-जास्त करायचा तर त्यातून.

घरी परतल्या परतल्या सूरताईंना जगाचे नवे आवाज ऐकू यायला लागले. फ्रिज घरघरतो. जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते. आणि नवरा स्वतःशी पुटपुटतो. हे गृहस्थ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला काहीतरी सुनावायची सवय घरातही सुटली नव्हती.

"अहो, तुम्ही भाजी चिरताना कोणाला शिव्या देता?" सूरताईंनी विचारलं.

"आता ऐकू यायला लागलं का तुला?" नवरा म्हणाला. "मग विचारपूर्वक बोलावं लागणार."

दोघं हसले. तो दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीतला आपला जुना पियानो उघडला, दोन तारा गप्प केल्या आणि एकच तार वाजवली. एका तारेला डोल नसतो. दुसरी तार असल्याशिवाय तो येणार कुठून? पण आवाज डोलत होता. नुसता डोलत नव्हता, तर शेवटाला थरथरून मोडत होता. त्यांनी दुसरी तार घेतली, तिसरी घेतली. सगळ्या डोलत होत्या. यंत्रं काढली तर वरचे सूर नाहीसे. घातली तर प्रत्येक सूर दारू प्यायल्यासारखा.

तज्ज्ञ बाईला हा प्रकार ठाऊक होता. "यंत्राला शिट्टी मारायची खोड असते," तिने समजावलं. "ती मोडायला आत एक बंदोबस्त केलेला आहे. कुठलाही लांब, सरळ सूर आला की त्याला वाटतं शिट्टीच आली, आणि तो तिला दाबायला धावतो. बोलण्याला त्याचा त्रास नाही. पियानोच्या तारेला आहे."

"मग तो बंदोबस्त बंद करून द्या."

"माझ्याकडे ते बटण नाही. कंपनीने आम्हाला दिलेल्या प्रोग्राममध्ये ते दिसतच नाही. मी दोनदा मागितलं. मलाही उत्तर आलं नाही."

सूरताईंनी मान डोलावली. कोणावर चिडायचं तेच कळेना. समोरची बाई तर खरं बोलत होती.

त्या महिन्यात त्यांनी एकेका ठिकाणी जाऊन कामं सोडली. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांना ते पटेना. संगीतशाळेत सात पियानो होते, सभागृहात एक मोठा, शिवाय घरचे वीस-बावीस. "दुसरा माणूस बघा," त्या सांगायच्या, आणि कारण विचारलं की कानाकडे बोट दाखवायच्या. चावी, नमद्याच्या पट्ट्या, मूळ सूर देणारा वडिलांचा नादकाटा, सगळं फडक्यात गुंडाळून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. एरवी ट्रॅफिक सिग्नललासुद्धा बोलल्याशिवाय न राहणाऱ्या नवऱ्याने तेव्हा नुसतं स्टूल धरलं.

नणंद आली ती अशा वेळी. ती नदीपलीकडे राहायची, म्हणजे दुसऱ्या देशात. पूल ओलांडला की पलीकडे पाट्या वेगळ्या, कायदे वेगळे, पाव मात्र तोच. नणंदेच्या कानांनाही यंत्रं होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघी बसल्या आणि दोन बायका विणकामाचे नमुने दाखवतात तशी त्यांनी आपापली यंत्रं समोर ठेवली. तीच कंपनी, तेच मॉडेल. रंगसुद्धा तोच, राखाडी.

"वन्सं, तुम्हाला गाणं ऐकताना त्रास होत नाही?" सूरताईंनी विचारलं.

"व्हायचा. मग मी तो शिट्टीवाला बंदोबस्त बंद केला."

सूरताईंचा हात कपावरच थांबला. "कुठून बंद केला?"

"अहो वहिनी, फोनवरून. हे काय, शेवटचं पान." नणंदेने फोन पुढे केला. तिच्या अ‍ॅपमध्ये पाच पानं होती. सूरताईंनी आपला फोन शेजारी ठेवला. त्याच्यात चार. पाचव्या पानाचं नाव होतं 'वापरणाऱ्याचा ताबा', आणि त्याच्यावर ओळीने बटणं होती. तिसरं बटण त्या बंदोबस्ताचं.

नवरा चष्मा लावून मधे वाकला. "तुझा फोन जुना असेल."

"फोन दोघींचा सारखाच आहे, दादा," नणंद म्हणाली. "आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी कायदा झाला. यंत्रात जे बदलता येतं ते सगळं वापरणाऱ्याला बदलू द्यायचं, असा. तेव्हापासून हे पान आलं."

मग त्यांनी खटपटी करून पाहिल्या. फोनमध्ये देश बदलला. पान आलं नाही. सूरताईंची यंत्रं नणंदेच्या फोनला जोडली. जोडताच पाच पानांची चार झाली. यंत्राच्या नंबरावरून ते कुठे विकलं गेलं हे कंपनीला कळत होतं. पलीकडे जाऊन नवं घ्यावं, तर तिथे ते फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतं.

"एक करा," नणंद म्हणाली. "माझी घालून बघा तरी." तिने बंदोबस्त बंद केला, यंत्रं पुसली आणि वहिनीच्या हातात दिली.

सूरताई पुढच्या खोलीत गेल्या आणि शेजारच्या दोन तारा बोटांनी दाबून वरच्या टोकाची एक तार वाजवली. सूर निघाला आणि सरळ गेला. नणंदेच्या कानांसाठी बेतलेलं यंत्र, त्यामुळे आवाज जरा कर्कश होता. पण डोल नव्हता. सूर विरून जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग परत तीच पट्टी दाबली. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या कानात अजून आहे हो सगळं."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आधी दोन परिच्छेद आभार. मग एक वाक्य, जे नवऱ्याने मोठ्याने वाचलं, कारण त्याला ते खरं वाटेना: "सदर सुविधा ज्या प्रदेशांत कायद्याने बंधनकारक आहे, केवळ त्याच प्रदेशांत उपलब्ध करून दिली जाते."

"म्हणजे करता येतं," सूरताई म्हणाल्या.

"येतं ना. पण कान धरल्याशिवाय करायचं नाही, असं दिसतंय."

"मग बघू या, आपल्याकडे कान धरणारं कोणी आहे का."

ग्राहक तक्रारींचं कार्यालय पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथला अधिकारी पन्नाशीचा, नाक सदा चोंदलेलं, टेबलावर रुमालांची चळत. बोलणं मोजून-मापून. त्याने पत्र वाचलं, यंत्राचा खोका मागितला, खोक्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचलं.

"साहाय्यक यंत्रांचा कायदा आपल्याकडेही आहे," तो म्हणाला. "चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय, असल्या वस्तूंसाठी. त्यातलं शेवटचं कलम जवळजवळ पलीकडच्या कायद्यासारखंच आहे. पण या कंपनीने तुमचं यंत्र इथे कशाखाली नोंदवलंय, माहीत आहे?"

"नाही."

"ध्वनी उपकरण. म्हणजे गाणी ऐकायचे हेडफोन जिथे मोडतात तिथे." त्याने नाक पुसलं. "आणि खोक्यावर काय छापलंय? 'श्रवणदोष असलेल्या व्यक्तींसाठी.' दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तक्रार लिहून द्या. सुनावणी लावतो. पण ताई, तुम्ही म्हणता तो डोल काय असतो, हे मला कळत नाही. मला तो ऐकायला लागेल."

"तुम्हाला पियानोपाशी यावं लागेल. तो जिने चढत नाही."

त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हसण्यासारखं आलं. "मग कार्यालय खाली उतरेल," तो म्हणाला.

सुनावणी झाली ती संगीतशाळेच्या मोठ्या खोलीत, सकाळी दहा वाजता. मोठ्या बाईंनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. नणंद पूल ओलांडून आली होती. श्रवणतज्ज्ञ आपली नळी घेऊन आली होती. डॉक्टर छातीला लावतात तशीच, फक्त तिचं टोक यंत्रावर बसतं, आणि यंत्र घालणाऱ्याला जे ऐकू येतं तेच आपल्याला ऐकू येतं. कंपनीचा प्रतिनिधी होता एक तरुण, नीटनेटका, फार नम्र. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसला.

सूरताईंनी रात्रभर मनात भाषण जुळवलं होतं. तिथे उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणून त्यांनी पियानोचं झाकण काढलं, दोन तारांत नमदा खोचला आणि म्हणाल्या, "ही एकच तार आहे. आधी नुसत्या कानाने ऐका." पट्टी दाबली.

"सरळ आहे," अधिकारी म्हणाला.

"आता माझ्या यंत्रातून."

तज्ज्ञ बाईने नळी जोडून त्याच्या कानांत दिली. सूरताईंनी तीच पट्टी, तेवढ्याच जोराने दाबली. अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा दाबली. मग नणंदेचं यंत्र जोडलं, पाचव्या पानावरचं बटण बंद करून. पट्टी दाबली. सूर विरेपर्यंत खोलीत कोणी खोकलंही नाही; अधिकारीसुद्धा नाही.

त्याने नळी कानांतून काढली आणि प्रतिनिधीकडे धरली. "तुम्ही ऐका."

"साहेब, त्याची आवश्यकता नाही. तांत्रिक अहवाल आम्ही जोडला आहे."

"तो मी वाचला. तुम्ही ऐका."

तरुण उठला. तिन्ही वेळा ऐकलं. दुसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले होते हे सूरताईंनी पाहिलं.

"यंत्रं एकच आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो."

"आतला प्रोग्राम?"

"तोच आहे. इथे ते पान झाकलेलं आहे."

"उघडायला काय लागतं?"

तरुणाने फाइलकडे पाहिलं, मग फाइल मिटली. "फार काही नाही, साहेब. देशांच्या यादीत एक नाव वाढवायचं. पण तो निर्णय माझ्या हातात नाही. आमच्याकडे नियम असा, की कायदा मागेल तिथे द्यायचं."

"मग कायदा मागतोय," अधिकारी म्हणाला, आणि रुमाल काढून जोरात शिंकला.

खोली रिकामी होत असताना तो तरुण सूरताईंजवळ थांबला. हळू आवाजात म्हणाला, "माझ्या आजोबांना हेच यंत्र आहे. त्यांनी रेडिओ ऐकणं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, वयाने कंटाळले." सूरताईंना त्याच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. त्यांनी बटणाचं नाव आणि ते कुठल्या पानावर असतं हे चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याने ती चिठ्ठी फाइलमध्ये न ठेवता खिशात ठेवली.

निकाल आला: श्रवणयंत्र हे साहाय्यक यंत्रच, कलम लागू, साठ दिवसांची मुदत. मग वाट बघणं सुरू झालं. कंपनी वरच्या कोर्टात जाईल, असं सगळे म्हणत होते. नवरा रोज सकाळी आधी फोन बघायचा, मग चहा टाकायचा. चाळीस दिवस झाले, पन्नास झाले. सूरताईंनी बघणं सोडून दिलं. रोज आशा करून दमायला होतं, त्यापेक्षा कपडे वाळत घातलेले बरे.

सत्तावन्नाव्या दिवशी त्या गॅलरीत चिमटे लावत असताना नवरा आतून आला. त्याने फोन त्यांच्यासमोर धरला. पाच पानं होती.

"तुम्ही दाबलं नाहीत ना काही?"

"मी कशाला दाबू? माझे कान आहेत का ते?"

हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकून सूरताई आत गेल्या. तिसरं बटण बंद केलं. पियानोपाशी बसल्या, दोन तारांत कापडाची घडी खोचली, पण लगेच वाजवेनात. नवरा वाट बघत उभा राहिला. शेवटी त्यांनी पट्टी दाबली. सूर निघाला, सरळ गेला, विरला. त्यांनी दुसरी तार मोकळी केली. आता डोल आला, आणि तो तारेचाच होता, यंत्राचा नव्हता. कपाटाच्या वरच्या फळीवरचं गाठोडं नवऱ्यानेच काढून दिलं. त्यांनी चावी बसवली, केसभर फिरवली. डोल लांबला. अजून केसभर. थांबला.

त्यांना मोठ्याने रडू आलं, आणि त्या रडण्याचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मध्येच हसूही आलं.

संगीतशाळेचे सात पियानो त्यांनी पुढच्या पंधरा दिवसांत लावले. पहिल्याला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. कान नव्या सवयीचे, हात जरा भीत होते. यंत्र मधूनच खरंच शिट्टी मारायचं, त्याला बोटाने दाबून गप्प करावं लागायचं. काम संपल्यावर मोठ्या बाई स्वतः वाजवायला बसल्या. वरच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग नुसती वही पुढे केली आणि सूरताईंची पुढच्या सहामाहीची तारीख लिहून घेतली. त्या क्षणी सूरताईंना कुठल्याही कौतुकापेक्षा ती तारीख मोलाची वाटली.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या महिन्यात मोठी जाहिरात झळकली: 'ग्राहकांच्या सोयीसाठी आम्ही आणत आहोत वापरणाऱ्याचा ताबा.' खाली बारीक अक्षरांत दोन देशांची नावं. नवऱ्याने ती वाचून जे सुनावलं ते सूरताईंना आता अगदी व्यवस्थित ऐकू आलं, आणि त्यांनी त्याला अडवलं नाही.

हिवाळ्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. तिसऱ्याच देशातला, व्हायोलिन बनवणारा. श्रवणतज्ज्ञांच्या ओळखीतून ओळख काढत तो पोचला होता. त्याच्या फोनवर चारच पानं होती. तो अर्धा तास बोलत राहिला. लाकूड ठोकून पाहिलं तरी त्याचा खरा आवाज कळत नाही, म्हणत होता. सूरताईंनी मध्ये तोडलं नाही. लाकडाचा आवाजसुद्धा एवढ्या बारकाईने ऐकणारं माणूस फोनवर कितीतरी दिवसांनी भेटलं होतं.

"आता काय करू?" शेवटी त्याने विचारलं.

"आधी कंपनीला पत्र लिहा," सूरताई म्हणाल्या. "भांडू नका, नुसतं विचारा. ते काय उत्तर देणार ते मला माहीत आहे, पण ते त्यांच्या सहीने तुमच्या हातात असू द्या. मग यंत्राचा खोका शोधा. फेकला नसेल तर बरं. आणि तुमच्याकडे एखादा चोंदलेल्या नाकाचा, हट्टी अधिकारी आहे का बघा."

"असा इथे कोण असणार?"

"असतो. वरच्या मजल्यावर बसलेला असतो. त्याला खाली आणायचं काम तुमचं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सभागृहातला मोठा पियानो त्यांची वाट बघत होता. संध्याकाळी कार्यक्रम होता, आणि रखवालदार साडेचारला गरम हवेचे पंखे सुरू करायचा, मग काही ऐकू येत नसे. "लिहिलंत की मला कळवा," त्या म्हणाल्या. फोन ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या.